सळईवरचा हिवाळा

बांधकामावर सळई बांधण्याचे काम मी गेली १४ वर्षे करीत आहे आणि त्यांपैकी पहिले सहा हिवाळे मी कसेबसे काढले, असेच म्हणावे लागेल. सकाळी पांघरूण दूर करताना स्वतःची समजूत घालायची, साइटवर पोहोचल्यावर इतरांकडे पाहून लाजेपोटी कामाला लागायचे आणि ऊन परत कडक होईपर्यंत सगळे अंगावर काढायचे, एवढीच माझी पद्धत होती. थंडीत आपले मन कामात लागत नाही याचा अर्थ आपल्यात जिद्द कमी आहे, असे मला मनापासून वाटत असे. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर उद्यापासून नेटाने काम करण्याचा निश्चय मी कितीदा केला असेल याची गणती नाही, आणि तो निश्चय दुसऱ्या दिवशी पहिल्या गार सळईला हात लावताच विरघळून जात असे.

सातव्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला. पारा ५ अंशांच्या आसपास होता, रात्रभर दव पडल्यामुळे परांचीच्या फळ्या ओल्या होत्या आणि चौथ्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी कडेच्या कॉलमचा, म्हणजे खांबाचा, सळयांचा पिंजरा तारेने बांधायचा होता. वर पोहोचताच मी नेहमीप्रमाणे सेफ्टी बेल्टचा हुक जीवरक्षक दोरीला अडकवला आणि कामाला वाकलो. माझ्या मागून येणारा जोडीदार शांतपणे म्हणाला, "दादा, हुक बघा." हुकाची जीभ मिटलीच नव्हती. तो दोरीला नुसता टेकून राहिला होता आणि मी थोडा जरी बाजूला झुकलो असतो तरी सुटला असता. हुक बसल्याचा खटका मी ऐकला, असे मला त्या क्षणी पक्के वाटत होते. प्रत्यक्षात हात सवयीने हलला होता आणि बोटांना काहीही कळलेले नव्हते.

मुकादम रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मला खाली बोलावले, दोन सळया एकमेकींवर ठेवल्या आणि तार माझ्या हातात देऊन एक साधी गाठ मारायला सांगितले. दिवसभरात शेकडो गाठी मारणाऱ्या माणसाला ती गाठ तिसऱ्या प्रयत्नात जमली. ते एवढेच म्हणाले, "हात गरम करून ये, मग वर जा." त्या वाक्यात उपदेश नव्हता, म्हणूनच बहुधा ते माझ्या डोक्यात राहिले. वर्षानुवर्षे ज्याला मी मनाचा आळस समजत होतो, त्याचा निम्मा भाग तरी बोटांत असावा, अशी शंका मला त्या दिवशी प्रथम आली.

त्यानंतर मी माझ्यापरीने या गोष्टीचा शोध घेऊ लागलो. साइटवर महिन्यातून एकदा तपासणीसाठी येणाऱ्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी होती. शरीराला आतल्या अवयवांचे तापमान ३७ अंशांच्या जवळ राखायचे असते, त्यामुळे छाती आणि पोट गार पडू लागले की ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि गरम रक्त आतल्या आत फिरवते. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की बारीक कामातील सफाई जाऊ लागते, आणि त्याहून खाली स्पर्शच बोथट होतो. मी मात्र दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जाड हातमोजे विकत घेत होतो. जाड हातमोज्यांत बांधणीची तार धरता येत नाही, म्हणून ते काढून खिशात ठेवायचे आणि उघड्या हातांनी काम करायचे, असा तो हास्यास्पद प्रकार होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पातळ, तळव्याला रबराचा थर असलेले हातमोजे घेतले आणि उरलेले पैसे अंगातल्या बिनबाह्यांच्या लोकरी बंडीवर खर्च केले. हात गरम राहावेत म्हणून छातीवर कपडा चढवायचा, हे मला पहिल्या दिवशी पटले नव्हते, पण आठवडाभरात त्याचा फरक मला गाठींच्या वेगात दिसू लागला.

लोखंडाविषयीही तेव्हाच उमजले. रात्रभर उघड्यावर पडलेली सळई आणि शेजारची लाकडी फळी यांचे तापमान सारखेच असते, तरी सळई हाताला कितीतरी अधिक गार लागते, कारण लोखंड हातातील उष्णता फार वेगाने ओढून घेते. त्यामुळे मी मुकादमांकडे एक विनंती केली. हिवाळ्यातील पहिला अर्धा तास मला थेट बांधणीला न लावता कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांच्यात अंतर राखणारे छोटे ठोकळे, वर पोहोचवणे, शटरिंगवर, म्हणजे काँक्रीटच्या साच्यावर, खडूने आखणी करणे, पिंजऱ्याभोवती बसणाऱ्या सळईच्या रिंगा मोजून वेगळ्या करणे अशी कामे द्यावीत, म्हणजे अंग गरम झाल्यावर सळईला हात लागेल. त्यांनी आधी थोडे आढेवेढे घेतले, पण ती कामे तशीही कोणीतरी करायचीच असतात. लिफ्ट सोडून जिन्याने चढण्याची सवयही मी तेव्हाच लावून घेतली.

या सगळ्यात मला सर्वांत उशिरा कळलेली आणि आज सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे घाम. थंडीत घामाची काळजी करणे विचित्र वाटते, परंतु बांधकामावरचे काम सलग नसते. वीस मिनिटे सळयांचे भारे वाहून अंग तापते, मग क्रेनची वाट पाहत अर्धा तास उभे राहावे लागते, आणि त्या अर्ध्या तासात अंगातला ओला कपडा शरीराची सगळी ऊब शोषून घेतो. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती बनियन एकदा भिजला की तो दुपारपर्यंत वाळत नाही आणि पाठीला गार फडके बांधल्यासारखे वाटत राहते. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धरूनही बऱ्यापैकी ऊब देते. म्हणून मी आता आत सुती कपडा घालत नाही, मध्ये लोकरी बंडी घालतो आणि वर वारा न शिरणारे जॅकेट घालतो. आणि जड काम सुरू होण्याच्या आधीच जॅकेट काढून ठेवतो. पहिली पाच मिनिटे कुडकुडायला होते, आणि ती पाच मिनिटे सोसण्यात खरे शहाणपण आहे. घाम फुटल्यावर जॅकेट काढणे म्हणजे पाणी वाहून गेल्यावर नळ बंद करणे. पायांच्या बाबतीत मी उलट चूक केली होती. घट्ट बुटांत दोन-दोन मोजे कोंबल्यामुळे रक्ताचा प्रवाहच अडत असे आणि पाय अधिकच बधिर होत असत. एक माप मोठा बूट, एकच जाड मोजा आणि पिशवीत मोज्यांची दुसरी कोरडी जोडी, एवढ्याने तो प्रश्न मिटला. डोके झाकले की निम्मी थंडी जाते, असे साइटवर कोणी ना कोणी ठामपणे सांगतच असतो. डोक्यातून उष्णता जाते ती शरीराच्या इतर उघड्या भागासारखीच, डोक्याच्या आकाराच्या मानाने. तरीही हेल्मेटच्या आत बसणारी पातळ टोपी मी वापरतो, कारण कान दुखायचे थांबतात.

वाऱ्याचा हिशोब हा वेगळाच विषय आहे. खाली जमिनीवर सुसह्य वाटणारी सकाळ आठव्या मजल्यावर का बोचते, याचे उत्तर त्यात आहे. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा सुटला असेल तर उघड्या त्वचेला ते जवळजवळ ० अंशासारखे जाणवते. ही गणना करण्याची कल्पना पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांच्या अंटार्क्टिकातील प्रयोगांतून आली. त्यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून, वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मला हे वाचून एक प्रकारचे समाधान वाटले, कारण वर गेल्यावर जास्त थंडी वाजते अशी तक्रार केली की लोक हसत असत. आम्ही त्यानंतर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधण्याचा आग्रह धरला. मात्र परांचीला ताडपत्री बांधली की ती शिडासारखी वारा धरते आणि परांचीवर ताण येतो, त्यामुळे हे काम अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये, हेही आम्हाला तेव्हाच बजावण्यात आले. जोराच्या वाऱ्यात ताडपत्री काढून ठेवली जाते आणि आम्ही आतल्या बाजूचे कॉलम हाती घेतो.

आता एका चुकीविषयी सांगतो, जिची मला अजूनही लाज वाटते. त्याच हिवाळ्यात आम्ही तळमजल्यावर विश्रांतीसाठी एक जागा केली होती, तिन्ही बाजूंनी ताडपत्री आणि आत कोळशाची शेगडी. वारा येऊ नये म्हणून चौथी बाजूही आम्ही हळूहळू बंद करत आणली. दुपारच्या सुट्टीत तिथे बसले की सुस्ती यायची, डोके जड व्हायचे, आणि आम्ही ते थकव्याच्या नावावर खपवत होतो. एका दुपारी माझ्यासह दोघांचे डोके ठणकू लागले आणि एकाला मळमळू लागले. एक वयस्कर गवंडी आत डोकावले, त्यांनी काही न बोलता ताडपत्री ओढून पाडली आणि आम्हा तिघांना दंडाला धरून बाहेर उघड्यावर आणले. कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरत असते. अर्ध्या तासात आम्हाला बरे वाटू लागले, तरी आम्हाला तपासणीसाठी पाठवण्यात आले आणि ते योग्यच होते. त्यानंतर शेगडी उघड्या अंगणात गेली आणि आतल्या जागेत कोरडे कपडे, बसायला पुठ्ठे आणि गरम पाण्याचे थर्मास राहिले. पुठ्ठा क्षुल्लक वाटेल, पण गार काँक्रीटवर थेट बसल्याने जेवणाच्या वेळात मिळवलेली ऊब तिथेच संपते.

पाण्याबाबत थोडक्यात सांगायचे तर थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र वारंवार होते, म्हणून दुपारनंतर डोके दुखायचे त्याचे कारण पुष्कळदा केवळ पाणी कमी पडणे हे असायचे. कोणी अंग गरम करण्यासाठी दारूचा घोट सुचवत असे. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते. शिवाय उंचीवर काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये.

सिमेंटने फुटणाऱ्या हातांची कथा प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे. ओल्या सिमेंटचा सामू १२ ते १३ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, आणि थंडीने आधीच कोरड्या पडलेल्या त्वचेच्या भेगांत ते शिरले की जखमा महिनाभर भरत नाहीत. काँक्रीटच्या ओतकामात गुडघे टेकून बसल्यामुळे पँट भिजून माझ्या गुडघ्याची कातडी एकदा भाजल्यासारखी निघाली होती, आणि संध्याकाळी कपडे बदलेपर्यंत मला ते समजलेही नव्हते. आता सिमेंट लागताच भरपूर पाण्याने धुतो, हात पूर्ण कोरडे करतो आणि रात्री मलम लावून झोपतो.

शरीराची घडी अशी बसत आली, तरी हिवाळ्याच्या मध्यावर मन खाली बसायचे ते बसायचेच. अंधारात घर सोडायचे, दिवसभर खालच्या मजल्यांवर दिव्यांच्या उजेडात काम करायचे आणि अंधारातच परतायचे, असे सहा-सहा दिवस जात. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले आणि त्याचा संबंध प्रकाशाशी जोडला. माझे नैराश्य त्या पातळीचे होते असे मी म्हणणार नाही, पण दुपारचे जेवण बाहेर उजेडात, वाऱ्याच्या आडोशाला बसून घेऊ लागल्यापासून संध्याकाळची चिडचिड कमी झाली. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही खोलीतल्या दिव्यांच्या कितीतरी पट अधिक असतो. ज्यांचे मन आठवडेच्या आठवडे उठत नाही, झोप आणि भूक दोन्ही बिघडतात, त्यांनी मात्र उजेडावर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक कारण होते आणि ते माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. हिवाळ्यात इमारत हळू वाढते. आमच्यासारख्या माणसाचा उत्साह पुष्कळ अंशी मजला चढताना पाहण्यावर चालतो. एक स्लॅब पडला, शटरिंग निघाले, पुढच्या कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या, हा क्रम डोळ्यांना दिसत राहिला की पाय आपोआप उचलतात. थंडीत तोच क्रम रेंगाळतो. मी हे आमच्याच ढिलाईचे फळ समजत होतो. एकदा साइटवरच्या अभियंत्याला विचारले तेव्हा तिने सांगितले की सिमेंट आणि पाणी यांच्यातील अभिक्रिया तापमान उतरले की मंदावते, काँक्रीटला ताकद यायला जास्त दिवस लागतात, म्हणून शटरिंग अधिक काळ ठेवावे लागते; आणि कोवळ्या काँक्रीटमधील पाणी गोठले तर ते सुमारे ९ टक्के फुगते आणि आतली वीण कायमची बिघडते. म्हणून रात्री ताज्या स्लॅबवर आच्छादने टाकायची आणि कडक थंडीचा अंदाज असेल तर ओतकाम पुढे ढकलायचे. त्या दिवशी संध्याकाळी स्लॅबवर आच्छादन ओढताना मला विलक्षण हलके वाटले. ज्या काँक्रीटला आम्ही लोकरीसारखे पांघरूण घालत होतो, त्याला उशीर होण्याची मुभा होती, आणि आपण स्वतःला मात्र ती कधी दिली नव्हती.

ओतकाम पुढे ढकलले की खाडे होतात आणि हाती कमी पैसे येतात, हा काळजीचा भाग कोणत्याही उमेदीच्या गोष्टीने भरून निघत नाही. त्यासाठी मी उन्हाळ्यातच थोडी रक्कम बाजूला ठेवू लागलो, आणि त्या शिलकीने माझी हिवाळ्यातली झोप इतर सर्व उपायांपेक्षा अधिक सुधारली. मजले मोजणे सोडून मी एका वहीत दिवसाला पूर्ण झालेले पिंजरे आणि त्या दिवशी बोटांची स्थिती एवढेच लिहू लागलो. वही नियमित राहिली असे नाही. सर्वांत वाईट दिवसांची पाने बहुतेक कोरी आहेत.

जोडीदाराशी आमचा एक करार आहे. बोलणे जड होणे, हातातून अवजार निसटणे, पाय अडखळणे, यांतले काहीही दिसले की दुसऱ्याने काम थांबवून त्याला खाली आणायचे आणि "मी ठीक आहे" हे उत्तर ग्राह्य धरायचे नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे त्या माणसाचा स्वतःविषयीचा निवाडा भरवशाचा राहत नाही. हा करार आजवर चार वेळा वापरावा लागला; त्यांतल्या तीन वेळा खाली आणला गेलेला माणूस मी होतो आणि प्रत्येक वेळी मी वाद घातला.

गेल्या दोन हिवाळ्यांत माझ्या उजव्या हाताची दोन बोटे थंड सकाळी पांढरीफटक पडू लागली आहेत. मधली काही वर्षे मी सळईकामाबरोबर काँक्रीट फोडण्याचा ब्रेकरही चालवत होतो. ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या पाथरवटांच्या हातांत नेमके हेच पाहिले होते: कंपन आणि थंडी एकत्र आली की बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे मेल्यासारखी पांढरी होतात. मला पहिल्या हिवाळ्यातच हे दाखवायला हवे होते, पण थोडा वेळ चोळले की रंग परत येत असे आणि मी गप्प राहिलो. डॉक्टरांनी ब्रेकर कायमचा बंद करायला सांगितला आहे. त्या कामाचे जादा पैसे आता मिळत नाहीत, त्यावरून घरात एकदा बोलणेही झाले. सकाळी साइटवर पोहोचल्यावर मी अजूनही आधी दोन सळयांवर एक गाठ मारून पाहतो. ती पहिल्या प्रयत्नात बसली तर वर जातो, नाही तर रिंगा मोजत बसतो.